स्निपेट, स्क्रिप्ट, मॉड, पॅच: नक्की कशाला काय म्हणायचं?

मंडळी, गेम मॉडिंग (म्हणजे गेममध्ये स्वतःचे बदल किंवा भर घालणं) करणारी आपली मंडळी सगळ्यालाच 'कोड' म्हणतात, "कोड टाक ना जरा", मग समोरचा कधी चार ओळी टाकतो कधी अख्खी झिप फाईल, आणि घेणाऱ्याला कळतच नाही की हे असंच चालवायचं की कुठेतरी घुसवायचं. शब्द वेगळे ठेवले तर निम्मी शंका तिथेच मिटेल असं मला मनापासून वाटतं.

मॉड म्हणजे गेमने जसाच्या तसा उचलावा असा अख्खा फोल्डर. लुआंटीत (ठोकळ्यांचे गेम चालवणारं इंजिन, जुनं नाव माइनटेस्ट, २०२४ ला बदललं) त्यात 'इनिट डॉट लुआ' ही फाईल लागतेच, लुआ ही मॉड लिहायची प्रोग्रॅमिंग भाषा. स्क्रिप्ट म्हणजे त्यातली एक पूर्ण फाईल. इथवर कुणाचा वाद नसावा.

घोळ होतो तो स्निपेटचा, म्हणजे कोडमधून कापून घेतलेल्या थोड्या ओळींचा. स्निपेट अर्धवटच असतो, आजूबाजूच्या कोडवर अवलंबून, आणि कुठून कापलाय यावर सगळं ठरतं. समजा लुआंटीत दर पाच सेकंदांनी काहीतरी घडवायचंय. त्यासाठी 'ग्लोबलस्टेप'मध्ये फंक्शन नोंदवतात, ते सेकंदाला कित्येकदा चालतं, दर वेळी मधे गेलेला वेळ 'टायमर'मध्ये मिळवायचा आणि पाच झाले की काम करून पुन्हा शून्य. आता 'लोकल टायमर बरोबर शून्य' ही ओळ फंक्शनच्या बाहेर, वरती असते. कुणी फक्त आतला भाग कॉपी करून पाठवला की टायमर 'निल' (म्हणजे किंमतच नसलेला) निघतो आणि एरर येते, ते परवडलं, निदान कळतं तरी. पण घेणाऱ्याने तीच ओळ स्वतःच्या अंदाजाने फंक्शनच्या आत लिहिली तर टायमर दर वेळी शून्यावर येतो, पाच कधी होतच नाहीत, एररही नाही, आणि माणूस तासन्तास शोधत बसतो की गंडलंय कुठे.

म्हणून मी स्निपेटला 'तुकडा' न म्हणता 'कात्रण' सुचवतो. तुकडा कसाही पडतो, कात्रण कुणीतरी कडा बघून कापलेलं असतं, आणि मूळ इंग्रजी शब्दातही कात्रीने कापणंच आहे. शिवाय कात्रणावर कुठलं, कधीचं ते लिहून ठेवायची पद्धत असतेच, तसं इथेही गेमचं व्हर्जन आणि कुठल्या फाईलमध्ये कुठे चिकटवायचं हे लिहावं. काय वाटतं?

—

कात्रण शब्द गोड आहे पण "कात्रण पाठव" म्हटलं की पेपरच डोळ्यासमोर येतो हो. बोलताना स्निपेटच राहणार. मला खरी अडचण लिंगाची वाटते, मी 'तो स्निपेट' म्हणतो, बरेच जण 'ते स्निपेट' म्हणतात, अनेकवचन तर 'स्निपेट्स' इथंच अडकलंय. स्क्रिप्ट मात्र सगळ्यांचीच 'ती', फंक्शन 'ते', यावर कधी भांडण ऐकलं नाही. आणि पॅचला, म्हणजे असलेल्या कोडमध्ये करायच्या बदलांच्या फाईलला, काही लोक ठिगळ म्हणतात ते मला पटत नाही, पॅचमध्ये ओळी काढल्याही जातात, ठिगळ नुसतं वरून लागतं.

—

ठिगळाच्या बाजूने एक मुद्दा. पूर्वी प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून असायचे, तेव्हा चुकलेली भोकं बुजवायला वरून खरंच कागद चिकटवायचे किंवा तेवढी पट्टी कापून दुसरी जोडायचे, पॅच शब्द तिथला. म्हणजे ठिगळ मुळात अगदी बरोबर होतं. पण आजच्या पॅच फाईलमध्ये उणे आणि अधिकची चिन्हं असतात, काय काढायचं काय घालायचं दोन्ही, त्यामुळे आता पॅचच म्हणावं.

स्निपेटबद्दल बोलताना 'तो' आणि लिहिताना कात्रण, दोन्ही चालू द्या की. फक्त चॅटवर पाठवणार असाल तर कोड म्हणूनच पाठवा, नाहीतर काही ॲप सरळ अवतरणचिन्हं वाकडी करून टाकतात आणि लुआ ती ओळखत नाही.