कुत्र्याला गोचीड ताप आणि जंत एकदम, घरात लहान मूल आहे

डिचोलीची आई: आमचा टायगर चार दिवस जेवला नाही, हिरड्या पांढऱ्याफटक, कानात गोचड्या. रक्तात एर्लिकिया नि बॅबेशिया हे गोचीड तापाचे दोन्ही जंतू निघाले, वर शीमध्ये हूकवर्म म्हणजे आतड्यातल्या जंताची अंडी पण. मुलगी अडीच वर्षांची, दिवसभर त्याच्या गळ्यात पडलेली असते. तिला काय होईल का हो? खूप भीती वाटतेय

फोंडेकर: ताई, ते दोन्ही ताप बहुतेक तपकिरी गोचडीतूनच येतात, नुसतं कुत्र्याला हात लावून लागत नाहीत, पण गोचीड नखाने चिरडू नका, चिमट्याने काढा. हूकवर्म पण रक्तच पितो म्हणून हिरड्या एवढ्या पांढऱ्या. मुलीला खरी भीती त्याचीच, अंडी ओल्या मातीत पडली की आठवड्याभरात अळ्या होतात नि अनवाणी पायातून कातडीत शिरतात. अंगणातली टायगरची घाण रोज उचला

मोरजीवाला: माझ्या मुलाला किनाऱ्यावरच्या वाळूतून झालेलं, तळपायाला नागमोडी लाल रेघ, रोज थोडी पुढे सरकायची, रात्रभर खाज. तशी रेघ दिसली तर लगेच डॉक्टरकडे न्या, औषधाने बरं होतं

डिचोलीची आई: देव बरें करूं. टायगरला डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन, अँटिबायोटिक) 28 दिवस सांगितलीय, आज थोडी पेज प्यायला. मुलीला चप्पल घातल्याशिवाय अंगणात सोडत नाही आता