प्रत्येक अर्जात बाळाचे तापमान ९८.६ कसे?

प्रश्न (एक गटप्रवर्तक, म्हणजे आशाताईंच्या कामावर देखरेख करणारी):
बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाऊन नवजात बाळ तपासायचे, हे माझ्या गटातील सर्व आशाताईंना तोंडपाठ आहे. तरीही गेल्या महिन्यात या भेटींचे चौदा अर्ज शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा अकरांमध्ये तापमान नेमके ९८.६ होते, बहुधा न मोजताच भरलेले. प्रशिक्षण दोनदा झाले आहे. जे ठाऊक आहे ते हातून का होत नाही?

उत्तर १ (निवृत्त वैद्यकीय अधिकारी):
ताई, तिसऱ्या प्रशिक्षणाची घाई करू नका. ज्या अभ्यासातून ही गृहभेट आली, तो डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत केला होता. ३९ गावांत आरोग्यदूत घरोघरी गेल्या आणि, १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आल्याप्रमाणे, तुलनेच्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्यूदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी खाली आला. आपल्या लक्षात तेवढा आकडा राहतो, पण त्या आरोग्यदूतांच्या कामावर वरचेवर देखरेख होती, हे मागे पडते. त्याच संस्थेने न्यूमोनिया ओळखण्यासाठी मण्यांचे श्वासमोजणी यंत्र बनवले होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि मिनिटाची वाळू संपण्याआधी लाल मणी आला तर श्वास जलद आहे असे धरायचे. दोन महिन्यांखालील बाळासाठी तो सहावा, म्हणजे साठ श्वासांचा. जिला दहाच्या पुढे मोजता येत नाही, तिलाही ते जमत असे. २०११ मध्ये ही गृहभेट देशभर लागू झाली, तेव्हा भेटींचे वेळापत्रक सगळीकडे पोहोचले. देखरेख मात्र तितकीशी पोहोचली नाही, असे माझे मत आहे.

उत्तर २ (आशा कार्यकर्ती):
मॅडम, स्पष्टच लिहिते. माझ्या थर्मामीटरचा सेल पावसाळ्यात संपला आणि तो बटणसेल गावातल्या दुकानात मिळत नाही. रकाना रिकामा ठेवला की अर्ज परत येतो व या भेटींचे मिळणारे २५० रुपये अडकतात. म्हणून कपाळाला हात लावून, बाळ तापलेले नाही असे पाहून, मीही ९८.६ लिहिले आहे. शिवाय थंडीत काखेत थर्मामीटर ठेवायला झबले सैल केले, की आजी लगेच ओरडतात.

उत्तर ३ (आरोग्य सेविका):
कपाळाला हात लावून ताप कळेल, पण कमी वजनाचे बाळ गार पडत चालले असेल तर ते कळेलच असे नाही, आणि अशा बाळाला धोका त्याचाच अधिक असतो. थर्मामीटर बंद असेल त्या दिवशी तळपाय आणि पोट दोन्हींना हात लावावा: पाय गार पण पोट उबदार असेल तर बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून घ्यावे, दोन्ही गार असतील तर तसेच उबेत ठेवून ताबडतोब दवाखान्यात न्यावे. रकान्यात ‘सेल नाही’ असेच लिहावे. आता आजींचे. झबले काढूच नये. वरची एक गाठ सोडून थर्मामीटर आत सरकवावा, आणि तो आजींनाच धरायला द्यावा. माझ्याकडे तरी त्यानंतर कोणी ओरडले नाही.

प्रश्नकर्ती:
‘सेल नाही’ लिहिलेला अर्ज मी परत पाठवणार नाही, हे आजच गटावर कळवते. सेलसाठी ग्राम आरोग्य समितीच्या अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीतून खर्च करता येईल का, हे सोमवारी सरपंचांना विचारते. आणि या आठवड्यात दोन भेटींना, अर्ज न मागता, नुसती सोबत जाते.