एक्सपीएस फोमची कयाक: रेझिन कोणतं, कापड किती?

खाडीकाठ: ५० मिमीच्या एक्सपीएस (थर्माकोलच्या जातीचा घट्ट फोम) शीट चिकटवून वर बसायची १२ फुटी कयाक (वल्ह्याची अरुंद होडी) कोरतोय. कापडावर लावायला पॉलिएस्टर रेझिन (वाळून कडक होणारी राळ) स्वस्त पडतं, चालेल का? फायबरग्लासचे थर किती?

राळवाला: पॉलिएस्टर अजिबात नको. त्यातलं स्टायरीन फोम विरघळवतं. इपॉक्सी रेझिनच घ्या. २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम) विणलेलं कापड वर एक थर, तळाला दोन. बसायच्या आणि टाचांच्या जागी जास्तीचा थर हवाच, तिथे फोम आधी दबतो. रेझिन साधारण कापडाच्या वजनाइतकं. हार्डनर (रेझिनमध्ये मिसळायचा, ते घट्ट करणारा घटक) वजनकाट्यावर मोजा. जास्त घातल्याने लवकर वाळत नाही, उलट मऊ राहतं. मिश्रण लगेच पसरट ट्रेमध्ये ओता, खोल डब्यात तापून धूर येतो.

सुकाणू: फोमची गुळगुळीत साल ८० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा, नाहीतर थर सोलून निघतो. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट पापुद्रा येतो. तो आधी पाण्याने, घासणीने धुवा, मगच पेपर मारा.

खाडीकाठ: रंग लागेलच का?

राळवाला: हो, उन्हाने इपॉक्सी पिवळी पडून ठिसूळ होते. पांढराच द्या. गडद रंग तापतो, फोम मऊ पडून फुगे धरतात.