सोसायटीच्या सभेत तापमानवाढीवर तीन मतं: ठराव नेमका कशाचा करावा?

बावधनकर
येत्या वार्षिक सभेत 'पर्यावरणासाठी सोसायटीने काय करावं' हा विषय आहे. पुण्यातली इमारत, ४८ फ्लॅट, दोन लिफ्ट, सामाईक मीटरचा वापर वर्षाला सुमारे २१,६०० युनिट, गच्ची मोकळी. सभासदांची मतं तीन दिशांना आहेत. एक, पृथ्वीचं तापमान आपोआप वरखाली होतच असतं, माणसाचा संबंध नाही. दोन, संबंध आहे, पण बिघडवलं अमेरिका-युरोपने, खर्च आपण का करायचा? तीन, काहीतरी करू या, म्हणजे झाडं लावू या. निधी मर्यादित आहे. कुठल्या कामाचा उपयोग किती आणि चुका कुठे होतात, हे आकड्यांसह हवं आहे.

ध्रुवतारा
पहिल्या मताला आधी उत्तर द्या, नाहीतर सभा तिथेच अडकेल. हवामान पूर्वीही बदललं, हे खरंच आहे. पण या वेळचं कारण ओळखता येतं. सूर्य जास्त तापला असता तर वातावरणाचे खालचे-वरचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि त्याच्या वरचा थर, म्हणजे स्थितांबर, थंड होतंय. जाड पांघरूण घेतलं की आत ऊब राहते आणि बाहेरच्या बाजूला ती कमी पोचते, तसंच हे. दुसरी खूण कार्बनची. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षं जमिनीत असल्याने त्यात कार्बन-१४ शिल्लक नसतो. हवेतल्या कार्बनमध्ये या जुन्या कार्बनची भेसळ वाढत गेलेली मोजता येते. ज्वालामुखींचा वाटा माणसाच्या वाट्याच्या एक टक्काही नाही.

कार्बन डायऑक्साइड औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाखांत २८० भाग होता. १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआवर मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ च्या आसपास, आता ४२० च्या वर.

दुसऱ्या मतात तथ्य आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करा. आजवरच्या एकूण उत्सर्जनातला जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. भारतात माणशी वर्षाला साधारण २ टन, अमेरिकेत १४ च्या आसपास. पण सरासरी दोन टनांत गडचिरोलीचा शेतमजूरही आला आणि दोन एसी, दोन गाड्यांचं पुण्यातलं घरही आलं. अमेरिकेकडे बोट दाखवताना आपण त्या मजुराच्या आड उभे राहतो, हे मला पटत नाही.

सावली
विज्ञानाबद्दल सहमत, क्रमाबद्दल नाही. ४८ घरांनी काहीही केलं तरी पुढच्या एप्रिलचा उन्हाळा त्याने कमी होणार नाही. त्यामुळे पहिला पैसा उन्हापासून बचावावर जावा. अहमदाबादने २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, तो याच विचाराने.

सोसायटीपुरतं बोलायचं तर गच्ची पांढरी करा. काळवंडलेला स्लॅब भर दुपारी साठ अंशांपर्यंत तापतो आणि रात्रभर वरच्या मजल्यावर उष्णता सोडत राहतो. चुन्याचा हात स्वस्त, पण एका पावसाळ्यात धुऊन जातो, म्हणजे दर फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा आला. परावर्तक रंग महाग पडतो, काही वर्षं टिकतो. आधी भेगा भरा, शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडून काढा, स्लॅब पूर्ण वाळू द्या. ओल राहिली की रंगाचे फुगे येऊन पापुद्रे सुटतात. आणि धूळ बसली की परावर्तन घटतं, म्हणून उन्हाळ्यात दोन-तीनदा झाडून घ्यावीच लागते.

किलोवॅट
सावली यांचं म्हणणं बरोबर, पण पांढरा रंग आणि वीज बनवणारे सोलर पॅनल, दोन्ही एकाच गच्चीवर होतं. पॅनलखालचा स्लॅब सावलीत येतो, उरलेला पांढरा करा.

हिशेब असा. पुण्यात १ किलोवॅटला वर्षाला साधारण १,४०० युनिट मिळतात. २१,६०० भागिले १,४०० म्हणजे साधारण १५ किलोवॅट. ५५० वॅटचे २८ पॅनल. किलोवॅटमागे १० चौरस मीटर सावलीमुक्त जागा धरा, म्हणजे १५० चौरस मीटर. 'पीएम सूर्यघर' योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे (घरटी ३ किलोवॅट या हिशेबाने, कमाल ५०० किलोवॅट). तुमचे होतात २ लाख ७० हजार. त्यासाठी सेलसकट देशी बनावटीचे पॅनल आणि पोर्टलवर नोंदलेलाच विक्रेता लागतो, हे कोटेशनवर लिहून घ्या.

वीजनिर्मितीतलं कोळशाचं प्रमाण पाहता ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे वर्षाला १५ टन वाचतात. एका वाढलेल्या झाडाने वर्षाला वीस किलो शोषला असं धरलं तरी तेवढ्यासाठी ७५० झाडं हवीत. सावलीसाठी, पाखरांसाठी झाडं जरूर लावा, पण वीजवापराची भरपाई म्हणून नको.

घोळ होतो तो मुख्यतः सावलीत. लिफ्टच्या खोलीची आणि पाण्याच्या टाकीची डिसेंबरमधली सावली सर्वात लांब पडते. मांडणी त्या महिन्याची सकाळ-संध्याकाळ पाहून ठरवा, मे महिन्याची नव्हे. एकापाठोपाठ जोडलेल्या पॅनलपैकी एकावर सावली आली तरी अख्ख्या रांगेचं उत्पादन मार खातं. दुसरी चूक धुण्याची. बोअरच्या जड पाण्याने भर उन्हात धुतलं की काचेवर क्षारांचा पांढरा थर बसतो, तो मग घासूनही जात नाही. पहाटे, साध्या नळाच्या पाण्याने, मऊ रबरी वायपरने धुवा.

फ्लेअरनट
वीज आणि झाडांच्या चर्चेत एसीमधला गॅस कुणाच्या लक्षात येत नाही, आणि या सोसायटीत फुकटात होण्यासारखं सर्वात मोठं काम तेच आहे.

एक किलो आर-४१०ए (अनेक एसींत असणारा गॅस) हवेत सोडला की तो सुमारे २,०९० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. जुन्या आर-२२ चा आकडा १,८१०, आर-३२ चा ६७५. दीड टनी स्प्लिटमध्ये साधारण किलोभर गॅस असतो. आर-४१०ए चा एक एसी मोकळा झाला की जवळजवळ ३,००० युनिट विजेइतकं नुकसान एका मिनिटात. फ्लॅट रंगवताना, एसी हलवताना अनेक मेकॅनिक नट ढिला करतात, फुस्स आवाज होतो, आणि नंतर तुमच्याच पैशाने नवा गॅस भरतात.

योग्य पद्धत म्हणजे पंप डाउन. एसी कूलिंगवर चालू ठेवायचा, गॅसचा दाब दाखवणारा गेज लावायचा. आउटडोअरच्या बारीक पाइपचा व्हॉल्व्ह ॲलन कीने बंद करायचा. कॉम्प्रेसर उरलेला गॅस ओढून आउटडोअरमध्ये साठवतो. काटा शून्याजवळ आला की जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच वीज तोडायची. उशीर केला तर कॉम्प्रेसर तापून खराब होतो. कॉम्प्रेसर चालू असताना पाइप मुळीच सोडायचा नाही, हवा आत ओढली गेली तर स्फोट होऊ शकतो. कॉम्प्रेसरच बंद पडला असेल तर गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्येच काढायला सांगा.

पुन्हा बसवताना पाइपातली हवा ओढून काढायला व्हॅक्यूम पंप किमान वीस मिनिटं चालवा, मग दहा मिनिटं थांबून काटा चढत नाही ना ते बघा. थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलणं ही पळवाट आहे. तिने आत ओल राहते आणि पुढे कॉम्प्रेसर जातो.

'दरवर्षी गॅस कमी होतोच' यावर विश्वास ठेवू नका. ती बंद यंत्रणा आहे. गॅस कमी झाला म्हणजे गळती आहे, बहुतेक वेळा फ्लेअर नटपाशी, म्हणजे पाइपांच्या जोडावरच्या नटपाशी. आधी साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा, मग भरा, तेही वजनकाट्यावर. आर-३२ पेट घेऊ शकतो, काम चालू असताना जवळ बिडी-काडी नको. आणि जुन्या एसीत स्वस्त पडतो म्हणून आर-२९० कुणी भरू लागलं तर थांबवा. तो प्रोपेनच आहे.

ठरावात एवढंच लिहा: सोसायटीत येणाऱ्या मेकॅनिककडे गेज, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा असल्याशिवाय गेटवर नोंद होणार नाही.

बावधनकर
मोठी मदत झाली. सोलरला वरच्या मजल्याचा विरोध आहे: स्ट्रक्चर ठोकलं की गळती सुरू होईल म्हणतात.

किलोवॅट
भीती रास्त आहे. स्लॅबमध्ये अँकर बोल्ट ठोकले की ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफ थर) फुटतो आणि पाणी कोब्याखाली पसरून भलत्याच खोलीत उतरतं. भोक न पाडता काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांत पाय बसवा. ठोकळ्याखाली वॉटरप्रूफिंगचा थर घ्या, आणि पन्हाळीकडे जाणारा उतार ठोकळ्यांनी अडवू नका. ठोकळ्यांचं वजन वाऱ्याच्या उचलीला पुरतं का आणि स्लॅबला झेपतं का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. काम सुरू होण्याआधी वरच्या मजल्याच्या सगळ्या छतांचे तारखेसह फोटो काढून ठेवा. काम झाल्यावर पन्हाळी बुजवून गच्चीवर दोन इंच पाणी ४८ तास साठवा. खाली ओल दिसली नाही तरच शेवटचा हप्ता द्या. हे सगळं मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकेल असं बघा, म्हणजे दुरुस्ती निघालीच तर पावसाआधी वेळ मिळेल.