एपी लँगची परीक्षा: 'कॉमेंटरी' म्हणजे नेमकं काय हवं असतं?

नमस्कार मंडळी,

आमचा धाकटा यंदा इथे अमेरिकेत हायस्कूलला ज्युनियर, म्हणजे अकरावीत. मे महिन्यात एपी इंग्लिश लँग्वेज (एपी लँग) देणार आहे, म्हणजे कॉलेज बोर्ड हायस्कूलच्या मुलांची घेतं ती कॉलेजच्या पातळीची परीक्षा. गणित-विज्ञान असतं तर आम्ही दोघं रात्री घेऊन बसलो असतो, इथे मात्र हात टेकलेत. सराव निबंधांवर दर वेळी सहापैकी तीन आणि शेरा ठरलेला: 'मोअर कॉमेंटरी'. म्हणजे काय करायचं, ते त्यालाही उमगत नाही. क्लास लावावा का? एका क्लासने शब्दांची भली मोठी यादी आणि फीचा त्याहून मोठा आकडा पाठवलाय.

— ज्युनियरची आई

---

ताई, क्लासच्या नादी लागू नका. रोज दहा नवे शब्द पाठ, व्याकरण पक्कं, सोबत थोडा शेक्सपियर. आम्ही याच शिदोरीवर इथवर आलो. आणि पोराचं अक्षर सुधारा, तपासणाऱ्यावर छाप पडते!

— काका (गणपती डेकोरेशन कमिटी)

---

काका, राग मानू नका, पण अक्षराचं आता कुणी बघत नाही. २०२५पासून ही परीक्षा ब्लूबुक ॲपवर टाइप करूनच द्यायची असते. आणि शेक्सपियर एपी लिटरेचरवाल्यांच्या वाट्याला. लँगमध्ये भाषणं, पत्रं, लेख. दुकानातून भलतंच पुस्तक उचलून आणणारे पालक दरवर्षी भेटतात, म्हणून सांगितलं.

ताई, मी इथल्या हायस्कूलमध्ये हा विषय शिकवते. तासाभरात ४५ बहुपर्यायी प्रश्न, त्यांना ४५ टक्के. मग तीन निबंध, सव्वादोन तास, ५५ टक्के. प्रत्येक निबंध सहा गुणांचा: भूमिकेला एक, पुरावा आणि त्यावरच्या विवेचनाला चार, 'सोफिस्टिकेशन'ला, म्हणजे विचारांच्या खोलीला, एक. पालक त्या शेवटच्या एका गुणापायी जीव टाकतात, तो मिळतो मोजक्यांनाच. खरी लढाई मधल्या चार गुणांची, आणि भारी शब्दांनी ते मिळत नाहीत.

२०१९च्या परीक्षेत गांधीजींनी मिठाच्या सत्याग्रहाआधी, मार्च १९३०मध्ये, व्हाइसरॉय आयर्विनना लिहिलेल्या पत्राचा शेवटचा भाग आला होता. माझ्या वर्गात त्यावर हमखास येणारं वाक्य: 'गांधीजी नम्र भाषा वापरून वाचकावर प्रभाव पाडतात.' आपली पोरं तर जास्तच, गांधीजी म्हटल्यावर थेट गुणगान सुरू. पण वाचक कोण? ज्याच्या हातात पोलीस आणि तुरुंग आहेत तो माणूस. त्याला गांधीजी म्हणतात, ही धमकी नव्हे, सत्याग्रही म्हणून माझं कर्तव्य आहे. आणि त्याच पत्रात कायदा कोणत्या तारखेपासून मोडणार तेही कळवून टाकतात. आता नम्रतेचं काम कळतं: आयर्विनपुढे दोनच वाटा उरतात, बोलणी करा, नाहीतर आगाऊ सांगून, हात जोडून आलेल्या माणसाला पकडा आणि जगापुढे वाईट दिसा. हे लिहिलं की झाली कॉमेंटरी.

घरी एवढंच करा. जेवताना त्याला एखाद्या लेखातलं एक वाक्य वाचायला सांगा आणि विचारा, 'हे काढून टाकलं तर काय बिघडेल?' तो वैतागेल. विचारत राहा. इंग्रजी तुमचं कसंही असो, हा प्रश्न मराठीतही विचारता येतो.

— इंग्रजीची मास्तरीण

---

ताई, मनापासून आभार. काल विचारलं, वैतागला, पण उत्तर दिलं. आता दुसरी अडचण वेळेची. सिंथेसिसमध्येच, म्हणजे दिलेल्या उताऱ्यांच्या आधारे बाजू मांडायच्या निबंधात, याचा सव्वा तास जातो, तिसरा निबंध अर्धवट राहतो.

— ज्युनियरची आई

---

सर्रास होतं हे. सहा उतारे दिलेले असतात, पण किमान तीनच वापरायचे असतात. शहाणी मुलं सहाही कोंबतात आणि निबंधाची भेळ करतात. सुरुवातीची पंधरा मिनिटं वाचनाची धरलेली आहेत, त्यात आधी स्वतःची बाजू ठरवावी आणि तिला लागतील तेवढेच उतारे उचलावेत. मग प्रत्येक निबंधाला चाळीस मिनिटं. घड्याळ लावून सराव हवाच. क्रमही त्याच्या हातात असतो, 'आर्ग्युमेंट', म्हणजे उताऱ्यांशिवाय स्वतःची भूमिका मांडायचा निबंध, सोपा वाटत असेल तर तो आधी लिहावा. त्यात उदाहरणं कुठलीही चालतात. सावित्रीबाईंची शाळा चालेल, घरचा अनुभवही चालेल, फक्त तपासणारा त्या गोष्टी ओळखत नाही असं धरून दोन ओळींत ओळख करून द्यायची. बहुपर्यायीत चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये.

क्लासचं म्हणाल तर ती यादी परत करा. जुन्या निबंधप्रश्नांसोबत मुलांनी लिहिलेले खरे निबंध आणि त्यांना ते गुण का मिळाले याचा खुलासा, सगळं कॉलेज बोर्डाच्या साइटवर फुकट आहे. तीन गुणांचा आणि पाच गुणांचा निबंध शेजारी ठेवून वाचायला सांगा.

— मास्तरीण

---

ते आयर्विनचं पत्र तिथेच मिळेल का? मलाच वाचायचंय.

— काका

---

हो काका, २०१९चा दुसरा प्रश्न.