एल्कसाठी ठासणीची बंदूक: जड गोळी आणि बेताची दारू, की हलकी गोळी आणि भरपूर दारू?

फ्रंटरेंजकर (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात सप्टेंबरमध्ये ठासणीच्या बंदुकीने शिकारीचा वेगळा हंगाम असतो. त्याच्या तयारीसाठी रेंजवर गेलं की बरेच जण 110-120 ग्रेन (गोळी-दारू मोजायचं छोटं माप) दारू ठासताना दिसतात. माझं ठाम मत आहे की एल्कसाठी, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणासाठी, याची गरज नाही. .50 कॅलिबरमध्ये (नळीचा व्यास अर्धा इंच) मऊ शिशाची 370 ते 400 ग्रेनची लांबट गोळी, म्हणजे कॉनिकल, आणि 80 ते 90 ग्रेन दारू. बस.

नव्यांसाठी नियम थोडक्यात. एल्कला किमान .50 कॅलिबर लागतं. प्लॅस्टिकच्या खोळीतली बारीक गोळी (सॅबो) चालत नाही. दारूच्या तयार वड्या चालत नाहीत, सुटीच दारू लागते. दुर्बीण नाही. गोळीची लांबी व्यासाच्या दुपटीपेक्षा जास्त नको. नियमपुस्तिका दर वर्षी नव्याने वाचायचीच.

आता कारण. उघड्या माशीवर नेम धरून बहुतेक जण 100 यार्डांच्या आतच मारणार. तिथवर 385 ग्रेनची गोळी सेकंदाला 1300 फुटांनी सुटली काय आणि 1450 फुटांनी सुटली काय, तिच्या उतारात दोन-तीन इंचांचा फरक पडतो. एल्कच्या छातीचा जिवाचा भाग त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. त्या दोन इंचांसाठी खांद्याला इतका दणका बसतो की चाप ओढताना माणूस डोळे मिटतो. तिथे फरक इंचांचा राहत नाही, फुटांचा होतो.

हॉकनप्रेमी

दारूबद्दल सहमत, गोळीबद्दल अजिबात नाही. जेकब आणि सॅम्युएल हॉकन बंधूंनी सेंट लुइसमध्ये ज्या बंदुका घडवल्या, त्या कापडात गुंडाळलेल्या गोल गोळीच्याच होत्या, आणि डोंगरातल्या माणसांनी त्यांवर एल्क मारून पोटं भरली. माझी .54 आहे. गोळी सुमारे 225 ग्रेनची, 90 ग्रेन 2एफ (दाण्याच्या जाडीची प्रत) काळी दारू. नळीचे आटे (गोळीला गिरकी देणाऱ्या आतल्या पिळाच्या खाचा) संथ आहेत, 66 इंचांत एक वेढा. त्यातून तुमची कॉनिकल नीट स्थिरावणारच नाही. सगळ्यांना एकच औषध देऊ नका, आधी नळीचा पीळ विचारा.

फ्रंटरेंजकर

पिळाचा मुद्दा मान्य. संथ पिळाला गोल गोळी, 28 किंवा 32 इंचांत एक वेढा असेल तर कॉनिकल, आणि 48 वाल्यांनी दोन्ही मारून बघावं. पण .50 च्या गोल गोळीचं काय? ती भरते जेमतेम 177 ग्रेन, म्हणजे कोलोरॅडोच्या 170 ग्रेनच्या किमान मर्यादेच्या थोडीच वर. सुटताना वेग 1900 असला तरी गोल आकारामुळे हवा तिला लगेच रोखते, आणि 100 यार्डांवर तो हजाराच्या आसपास येतो. ऊर्जा उरते 400 फूट-पौंडांच्या आसपास. 300 किलोंच्या नरावर हे मला पटत नाही. तुमच्या .54 ची गोष्ट वेगळी, तीही 60 यार्डांच्या आत.

हॉकनप्रेमी

60 च्या पुढे मी मारतच नाही. सप्टेंबर हा माजाचा काळ, नर ओरडत असतो, त्याला हाकेने जवळ आणता येतं. जवळ जाणं जमत नसेल तर जड गोळी हा त्यावरचा उपाय नव्हे.

तांबेवाला_युटा

दोघेही शिशावर अडून बसलात. जखमी होऊन निसटलेल्या जनावरात किंवा मागे टाकलेल्या आतड्यांत शिसं राहतं आणि ते गरुड खातात. कॅलिफोर्नियाने 2019 पासून सगळ्या शिकारीत शिशाची गोळी बंद केली ती उगाच नाही. मी पूर्ण तांब्याची, नळीच्या मापाची गोळी वापरतो. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे लांबीच्या मर्यादेत वजन कमी बसतं हे खरं. म्हणूनच मला दारू जास्त लागते: ब्लॅकहॉर्न 209 (काळ्या दारूऐवजी वापरायची दारू), बंदूक बनवणाऱ्याने दिलेल्या कमाल मर्यादेच्या आत. गोळी फुलाच्या पाकळ्यांसारखी उघडते, तुकडे होत नाहीत आणि नळीही कमी घाण होते.

फ्रंटरेंजकर

गरुडांची काळजी रास्त आहे, मी ती हलक्यात घेत नाही. पण मॅग्नम रायफलची वेगवान गोळी मांसात भुगा होते, तसं या मंद वेगाच्या जड शिशाचं होत नाही. ती बहुतेक वेळा अखंड आरपार जाते. आणि आरपार जाणं हाच माझा मुख्य मुद्दा आहे. दोन भोकं म्हणजे रक्ताचा माग. स्प्रूसच्या गर्द झाडीत संध्याकाळी एल्क दीडशे यार्ड धावला आणि माग नसला, तर तो सापडत नाही. खाण्याजोगं मांस वाया घालवणं इथे गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते चूकच.

शिवाय मऊ शिसं दारूच्या दाबाने बुडाशी फुगून आट्यांत घट्ट बसतं. तांबं तसं फुगत नाही, त्यामुळे गोळीचं माप नळीशी तंतोतंत जुळवावं लागतं. हे तुम्ही केलं असेल, नवा माणूस करेलच असं नाही.

देवगडचो

मी एल्क पाहिलेला नाही, पण आमच्या सिंधुदुर्गात शेती संरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आजही घराघरांत आहेत. त्या बिनआट्यांच्या, त्यामुळे गोळीच्या वादात मी पडत नाही. दारूबद्दल मात्र सांगतो. दमट हवेत माप कितीही बरोबर असलं तरी केप (दारू पेटवणारी टोपी) वाजते आणि बार होत नाही. तुमच्याकडे सप्टेंबरात दुपारी पाऊस येतो असं ऐकतो. नळीचं तोंड झाकता का?

फ्रंटरेंजकर

फार बरं विचारलंत. दहा हजार फुटांवर दुपारचा पाऊस नेहमीचाच. नळीच्या तोंडावर चिकटपट्टी लावायची, ती बार होताना आपोआप उडून जाते. गोळी ठासायच्या गजावर खूण करायची आणि दिवसातून काही वेळा तपासायचं, कारण नळी खाली झुकवून चालताना सैल कॉनिकल पुढे सरकते. दारू आणि गोळीत पोकळी राहिली तर नळी फुगू शकते, फाटूही शकते. हा धोका मला दारूच्या मापाच्या वादापेक्षा मोठा वाटतो.

तांबेवाला_युटा

आणि दारूचं माप आकारमानाचं असतं, वजनाचं नाही, हे कुणीच लिहिलं नाही! ब्लॅकहॉर्नचं 100 चं माप तराजूवर 70 ग्रेनच्या आसपास भरतं. ट्रिपल सेव्हन ही दुसरी पर्यायी दारू काळ्या दारूपेक्षा जोरकस, माप साधारण 15 टक्के कमी घ्यायचं. बिनधुराची रायफलची दारू तर कधीच नाही.

फ्रंटरेंजकर

हे तुम्ही लिहिलंत ते महत्त्वाचं, वर घ्यायला हवं होतं. पण ब्लॅकहॉर्नला 209 प्रायमर (केपेपेक्षा जोरकस पेटवणारा) आणि त्याला साजेशी बंदूक लागते. हॉकनप्रेमींच्या केपाच्या बंदुकीत ती पेटेल याचा भरवसा नाही. तेव्हा जोरकस दारू हे सगळ्यांसाठी उत्तर होत नाही.

हॉकनप्रेमी

माझ्यासाठी तर नाहीच. मी पुन्हा विचारतो, 100 यार्डांवरून मारायचंच कशाला? 40 वर या, मग 225 ग्रेनचा गोळाही आरपार जातो.

फ्रंटरेंजकर

फासळ्यांतून जातो. खांद्याच्या हाडावर बसला तर? एल्क नेहमी आडवा उभा राहत नाही.

हॉकनप्रेमी

आडवा नसेल तर मी चाप ओढत नाही.