युरोपातली रेसिंगवारी: यादीतून काय गाळलंत?

आम्ही चौघं पुढच्या उन्हाळ्यात फक्त रेसिंगसाठी युरोपात जायचं म्हणतोय. हाताशी जेमतेम चौदा दिवस. पहिल्याच बैठकीत यादी झाली ती अशी: न्युर्बुर्गरिंग, स्पा, ल मां, मोंझा, इमोला आणि मोनॅकोचे ट्रॅक, फेरारीचं गाव मॅरानेल्लो, वर श्टुटगार्टची मोटारींची संग्रहालयं. नकाशावर रेघ ओढली तेव्हा कळलं, अर्धे दिवस प्रवासातच जाणार. तेव्हा काय बघावं हे सांगू नका, ते आम्हाला पाठ आहे. तुम्ही काय गाळलंत, कुठे जास्त थांबलात आणि मित्रांमध्ये ते कसं ठरलं, तेवढं मनापासून लिहा.

*

आम्ही मोनॅको गाळलं आणि ते दिवस न्युर्बुर्गरिंगला दिले. पूर्ण तीन.

नॉर्डश्लायफ, म्हणजे तिथली जुनी लांब फेरी, 1927 पासूनची, 20.8 किलोमीटरची. शर्यती किंवा कंपन्यांच्या चाचण्या नसतात तेव्हा ती एकेरी वाहतुकीच्या टोल रस्त्यासारखी सगळ्यांना खुली असते. फेरीचे पैसे भरायचे आणि निघायचं. वेळ मोजायला बंदी आहे. ओव्हरटेक फक्त डावीकडून, त्यामुळे नवख्याने उजवी कड धरायची आणि समोर जितकं बघतो तितकंच आरशात बघायचं.

विमानतळावरून घेतलेली साधी भाड्याची गाडी तिथे अजिबात नेऊ नका. करारात सहसा मनाई असते, म्हणजे विमा गेलाच. गार्डरेलला धडकलात तर त्याची दुरुस्ती, गाडी ओढून नेण्याचा खर्च, सगळं तुमच्या डोक्यावर. ट्रॅकसाठी तयार केलेल्या गाड्या भाड्याने देणारे आसपासच्या गावांत आहेत. घ्या त्यांच्याकडून, पण अपघात झाला तर आपल्याला किती भरावे लागतील तो आकडा सही करण्याआधी चौघांनी मिळून वाचा.

आमच्यातल्या तिघांनी चालवली. चौथ्याने निघायच्या आधीच सांगून टाकलं होतं, मला चालवायचं नाही. कोणी आग्रह केला नाही, याचं मला आजही बरं वाटतं. तो दिवसभर ब्र्युन्खन वळणाच्या कुंपणाशी उभा होता आणि संध्याकाळी आमच्यापेक्षा जास्त बोलत होता. दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी अपघात झाला, ट्रॅक दीड तास बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी आयफेलच्या डोंगरात धुकं. हातात एकच दिवस असता तर काहीच मिळालं नसतं.

बेर्गवेर्क वळणाच्या जरा आधी, 1976 मध्ये, फॉर्म्युला वन ड्रायव्हर निकी लाउडाची गाडी पेटली. त्यानंतर फॉर्म्युला वन नॉर्डश्लायफवर परतली नाही. तिथे पोहोचलो तेव्हा माझा पाय आपोआप हलका झाला.

*

सोमवारी श्टुटगार्टला जाऊ नका. मर्सिडीज-बेंझ आणि पोर्श, दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात. आमचा अख्खा दिवस गेला.

*

आमच्या तिघींत रेसिंगचं वेड मला एकटीला. म्हणून मी आधीच ठरवलं, रोज नवं हॉटेल नको. बोलोन्याला पाच रात्री एकाच जागी मुक्काम केला. इमोला आणि मोडेना दोन्ही तिथून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास, आणि मोडेनाहून मॅरानेल्लोला बस मिळते. माझ्याबरोबर यायचं नसेल त्या दिवशी मैत्रिणी शहरात फिरायच्या.

इमोलाला मात्र दोघी आल्या. तांबुरेल्लो वळणाच्या आतल्या बाजूला बाग आहे, तिथे फॉर्म्युला वन चॅम्पियन आयर्टन सेन्नाचा पुतळा आहे, मान खाली घालून बसलेला. ट्रॅकच्या कुंपणावर झेंडे, चिठ्ठ्या, फुलं. 1 मे 1994 ला शर्यतीत इथे धडकून सेन्ना कसा गेला ते सांगता सांगता माझा गळा दाटून आला. आदल्याच दिवशी ऑस्ट्रियाचा ड्रायव्हर रोलँड रॅट्झनबर्गर याच ट्रॅकवर अपघातात गेला होता आणि त्याच्यासाठी फडकवायला सेन्नाने ऑस्ट्रियाचा झेंडा गाडीत घेतला होता, हे ऐकून दोघी गप्प झाल्या. दुपारी एक संग्रहालय ठरलं होतं. ते गाळलं आणि बागेतच बसून राहिलो.

*

स्पा. टीव्हीवर ओ रूज वळणानंतरचा राडियोंचा चढ कळतच नाही. पायी चढलात की धाप लागते, मग गाड्या तिथून कशा जातात ते खरं उमगतं. शर्यतीच्या आठवड्यात गेलात तर सामानात आधी रेनकोट आणि बूट टाका. सात किलोमीटरच्या ट्रॅकवर एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस हे तिथलं नेहमीचंच. 2021 च्या फॉर्म्युला वन शर्यतीत तर पावसामुळे वेग आवरणाऱ्या सेफ्टी कारच्या मागेच दोन-चार फेऱ्या झाल्या आणि अर्धे गुण देऊन शर्यत संपवली.

आम्ही रविवारचं, म्हणजे मुख्य शर्यतीचं, तिकीटच काढलं नाही. शुक्रवार-शनिवार पाहिला आणि रविवारी जुना ट्रॅक शोधत फिरलो. पूर्वीची फेरी चौदा किलोमीटरच्या वर होती. बुर्नेंव्हिल, मास्टा, स्टाव्हलो हा भाग आजही साधा रस्ता आहे. मास्टाचं वळण घरांच्या मधून जातं. तिथे उतरून उभे राहिलो. त्या काळातले ड्रायव्हर इथून पूर्ण वेगाने जात, हे अंगावर आलं.

*

ल मां करणार असाल तर आजूबाजूला दुसरं काही ठेवू नका. चोवीस तासांच्या शर्यतीचं तिकीट आणि तंबूची जागा वेगवेगळी घ्यावी लागते आणि तंबूच्या जागा लवकर संपतात. आम्ही दोन-दोन जणांनी पाळीपाळीने झोप काढली. पहाटे धुक्यातून हेडलाइट यायला लागले तेव्हा मी झोपलेल्या दोघांना हलवून उठवलं. जाताना वाटेत राँसजवळ ग्यू गावाला थांबा. तिथल्या जुन्या ट्रॅकचे पिट, म्हणजे गाड्या थांबवून दुरुस्त करायच्या जागा, आणि गॅलऱ्या हमरस्त्याच्या कडेला तशाच उभ्या आहेत.

*

आम्हाला आइल ऑफ मॅन टीटी ही मोटारसायकलची शर्यत बघायची होती. साठ किलोमीटरची फेरी, तीही गावांतून आणि डोंगरातून. पण तिथे शेंगेन व्हिसा चालत नाही, आणि आमच्यातल्या एकाचा ब्रिटिश व्हिसा वेळेत आला नाही. एकाचं अडलं तर सगळ्यांनी बेत बदलायचा, असं आम्ही पैसे भरायच्या आधीच ठरवलं होतं. म्हणून वाद झाला नाही. जूनच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये आसेनला गेलो. 1925 पासून त्या भागात मोटारसायकलच्या शर्यती होतात. शेवटच्या चिकेनसमोर, म्हणजे डावी-उजवी अशा जोडवळणासमोर, चौघं एका रांगेत बसलो होतो आणि शेवटच्या फेरीला सगळा स्टँड उभा राहिला.

*

तुम्हा सगळ्यांची उत्तरं दोनदा वाचली. मोनॅको आणि ल मां खोडलं, बोलोन्याचा मुक्काम वाढवला, श्टुटगार्ट मंगळवारवर नेलं. नॉर्डश्लायफचा अनुभव वाचून काल रात्री तिघांना सरळ विचारलं, तिथे गाडी कोणाला चालवायची आहे? दोघांना नाही. दोन महिने बेत चाललाय, आणि हे आम्हाला काल कळलं.